चेअरमनसाहेबांना सूट कशासाठी?

नामपूर परिसरातल्या संस्थांमध्ये ईमेलच्या सुरक्षेचा विषय निघाला, की चर्चा एका वाक्यावर येऊन थांबते: "सगळ्यांना एकच नियम लावून टाका, उगाच भानगड नको." पतसंस्थेचं संचालक मंडळ असो, शाळा-कॉलेजचं ऑफिस असो, की डाळिंब-द्राक्षं बाहेरदेशी पाठवणाऱ्याचं पॅकहाऊस असो, हे वाक्य बोलणारा माणूस समंजस ठरतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. मला या वाक्याचा राग येतो. वरवर त्यात समानता दिसते, साधेपणा दिसतो. प्रत्यक्षात त्याच वाक्यामुळे सभासदांचा पैसा आणि त्यांची कागदपत्रं उघड्यावर पडतात.

या मताची बाजू आधी पूर्ण मांडतो. संस्था लहान, माणसं पंधरा-वीस. क्लार्कला एक नियम, कॅशियरला दुसरा, मॅनेजरला तिसरा असली वर्गवारी मोठ्या कंपन्यांनी करावी, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं असतात. आपल्याकडे एकच संगणक ऑपरेटर, आणि त्याच्याच डोक्यावर बाकीची दहा कामं. वेगवेगळे नियम केले की रुसवेफुगवे होतात, "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारलं जातं. त्यापेक्षा माणसांना दोन गोष्टी नीट समजावून सांगा, झालं. शिवाय बागलाणातल्या एका गावच्या संस्थेत जगातल्या चोरांना कसला रस असणार? आणि हे सगळं बोलून झाल्यावर, जरा हळू आवाजात: चेअरमनसाहेबांना मात्र लॉगिनच्या कोडबिडच्या फंदात पाडू नका, त्यांचा एखादा मेल अडकला तर आपल्यालाच ऐकून घ्यावं लागेल.

हे शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण आधीचा सगळा युक्तिवाद ते स्वतःच खोडून काढतं. सगळ्यांना एकच नियम हवा होता ना? मग साहेबांना सूट कुठून आली? म्हणजे वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे नियम लावायला कोणाचीच हरकत नाही. गट पडलेलेच आहेत, फक्त ते मानपानाप्रमाणे पडलेले आहेत. ज्याची सही सर्वांत वजनदार त्याला सर्वांत सैल नियम, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्या नव्या मुलीला सर्वांत कडक. चोराला विचारून नियम केले असते तर याहून वेगळे झाले नसते.

चोर कोणाच्या नावाने येतो ते पाहा. 2018 च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या टेक्निमाँट या कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला इटलीतल्या मूळ कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याच्या नावाने मेल येऊ लागले. पत्ता हुबेहूब वाटावा असा. चीनमध्ये एक अत्यंत गुप्त खरेदी करायची आहे, कुठे बोलू नका, असा मजकूर. मागोमाग कॉन्फरन्स कॉल, त्यावर वकील म्हणून बोलणारी माणसं. तीन हप्त्यांत 1 कोटी 86 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे 130 कोटी रुपये, हाँगकाँगच्या बँकांत गेले आणि तिथून लगोलग काढले गेले. यात फसला कोण? शिपाई नाही, क्लार्क नाही. ज्याच्या एका शब्दावर पैसे हलतात तो माणूस. 2022 च्या सप्टेंबरात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये हेच व्हॉट्सॲपवरून झालं. मालकाच्या नावाने एका संचालकाला निरोप आला, अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा, आणि 1 कोटी 1 लाख रुपये गेले. दोन्ही ठिकाणी हत्यार एकच होतं: वरच्या माणसाचं नाव. मग त्याच नावाभोवतीची कुंपणं आपण का काढून टाकतो?

साहेबांना अडथळा नको, हे म्हणणं साहेबांच्या भल्याचंही नाही. त्यांच्या नावाने खोटा मेल फिरला आणि कॅशियरने पैसे पाठवले, तर निबंधकांपुढे आणि सर्वसाधारण सभेत उत्तर द्यायला त्यांनाच उभं राहायचं आहे.

आता "आपल्याकडे कोण येतंय" हा मुद्दा. नामपूरच्या बाजार समितीत आणि करंजाडच्या उपबाजारात उन्हाळ कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागतात, इथले भाव रोज राज्यभर वाचले जातात. आज त्या व्यवहारातला मोठा पैसा बँकेच्या खात्यांतून फिरतो. मोसम खोऱ्यातलं डाळिंब बाहेर जातं, बागलाणची अर्ली द्राक्षं जातात, आणि परदेशी खरेदीदाराशी ऑर्डरपासून बँकेच्या तपशिलापर्यंत सगळा पत्रव्यवहार ईमेलवर चालतो. पतसंस्थेच्या कपाटात आणि कॉम्प्युटरमध्ये हजारो सभासदांचे आधार, पॅन, सह्या आहेत. एवढं असताना कोणाला रस नसेल, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? ईमेलवरच्या चोराला नकाशा बघावा लागत नाही. वेबसाइटवर, जाहिरातीत, बिलाच्या कोपऱ्यात छापलेले पत्ते गोळा होतात आणि सगळ्यांना मेल जातो. त्यात नामपूरही आलं आणि न्यूयॉर्कही आलं. 2023 साली अमेरिकेच्या एफबीआयकडे नुसत्या व्यावसायिक ईमेल-फसवणुकीच्या 21 हजारांहून जास्त तक्रारी आल्या आणि त्यांतलं नुकसान 290 कोटी डॉलरच्या घरात होतं.

निर्यातदारांनी तर 2015 सालचं ओएनजीसीचं प्रकरण पाठ करून ठेवावं. ओएनजीसीने सौदी अराम्कोला नाफ्था विकला होता. पैसे यायचे होते. मधल्या काळात चोरांनी कंपनीच्या इंग्रजी नावातली मधली दोन अक्षरं उलटी करून नवा पत्ता तयार केला, आणि त्या पत्त्यावरून आमचं खातं बदललं आहे असं कळवलं. सुमारे 197 कोटी रुपये भलत्याच खात्याकडे वळले. दोन अक्षरांची अदलाबदल, बस. दुबईच्या किंवा रॉटरडॅमच्या खरेदीदाराला नामपूरच्या पॅकहाऊसच्या नावाने असा मेल पाठवायला चोराला किती वेळ लागेल? कंटेनर बंदरावर पोहोचलेला, माल नाशवंत, खरेदीदार म्हणतो मी पैसे दिले, आणि इकडे खात्यात शून्य. एका हंगामाची कमाई अशी गेली तर ती भरून काढायला ओएनजीसीइतकी ताकद कोणाकडे आहे? संस्था लहान आहे हे नियम सैल ठेवण्याचं कारण कसं होऊ शकतं, मला खरंच कळत नाही. लहान संस्थेला एकच धक्का पुरतो.

मूळ मुद्दा मात्र समानतेचा आहे, आणि तिथेच मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. एकच नियम सगळ्यांना लावायचा म्हटलं तर तो कोणता लावणार? कडक लावला, तर बाहेरच्या अनोळखी पत्त्यावरून आलेली जोडपत्रं अडतील. मग कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवरच्या माणसाने काय करायचं? त्याला रोज अनोळखी मुलांचे दाखले, मार्कशीट, फोटो येणार, तेच त्याचं काम आहे. पॅकहाऊसच्या ऑफिसात नव्या खरेदीदाराची चौकशी अनोळखी पत्त्यावरूनच येणार. काम अडलं की तो काय करतो ते आपण सगळे पाहतो: "माझ्या पर्सनल जीमेलवर टाका", "व्हॉट्सॲप करा". झालं, संस्थेचा कारभार संस्थेच्या हाताबाहेर गेला, त्याची नोंद नाही, त्यावर ताबा नाही. आणि नियम सैल ठेवला, तर तीच सैल चाळण हिशोबनीसाच्या मेललाही लागली, जिथून आरटीजीएस होतो. मग म्हणतात, मधला ठेवू. मधला नियम प्रवेश-खिडकीलाही नडतो आणि हिशोबनीसालाही वाचवत नाही.

बाजार समितीच्या फाटकातून कोणाचाही ट्रॅक्टर आत येतो, यायलाच हवा. म्हणून पैसे मोजायच्या टेबलापाशी कोणीही जाऊन बसू शकतो का? एकाच आवारात दोन जागांचे दोन नियम आपण पिढ्यानपिढ्या पाळतो आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. ईमेलच्या बाबतीतच तो कसा होतो?

समोरच्या खिडकीतून चोर कसा शिरतो हे बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेने जगाला दाखवून दिलं. 2016 च्या फेब्रुवारीत तिथून 8 कोटी 10 लाख डॉलर लुटले गेले. त्याची सुरुवात वर्षभर आधी झाली होती, 2015 च्या सुरुवातीला: नोकरी मागणाऱ्या उमेदवाराचे नम्र मेल, सोबत बायोडेटाची लिंक. कोणा कर्मचाऱ्याने तो उघडला, कारण बायोडेटा आला तर उघडून पाहायचा असतो. त्या माणसाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या टेबलावर अशी फाइल आधी वेगळ्या बंदिस्त जागी उघडून तपासली जायला हवी होती, आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून पैशाच्या यंत्रणेकडे जाणारी वाट बंद असायला हवी होती. त्या टेबलाचा नियम असाच असायला हवा: मेल येऊ द्या, तपासून येऊ द्या, पण तिथून पुढे कुठेही जाता येऊ नये. हिशोबनीसाचा नियम नेमका याच्या उलट असतो. त्याला येणारे मेल थोडे आणि ठरलेले. त्याच्याकडे चेअरमनच्या नावाने बाहेरच्या पत्त्यावरून काही आलं तर ते पोहोचण्याआधीच बाजूला अडकलं पाहिजे. त्याचे मेल आपोआप बाहेरच्या पत्त्यावर पुढे जाण्याची सोय बंद पाहिजे, कारण चोर एकदा आत शिरला की गुपचूप हीच सोय लावून ठेवतो, महिनोन्‌महिने पत्रव्यवहार वाचतो आणि बिलाच्या दिवशी बरोबर तोंड उघडतो. त्याच्या लॉगिनला मोबाइलच्या ओटीपीपेक्षा भक्कम काही हवं, हातात धरायची सिक्युरिटी की उत्तम.

हा भेद रिझर्व्ह बँकेनेही केला आहे. 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या चार पायऱ्या ठरवल्या गेल्या. ज्या बँकेचा डिजिटल पसारा मोठा तिला जास्त नियम, ज्या बँकेचा कमी तिला कमी. पण सर्वांत खालच्या पायरीवरच्या बँकेलाही स्वतःच्या नावाचं ईमेल डोमेन आणि बनावट मेल रोखणारी तपासणी सक्तीची केली. म्हणजे तळ सगळ्यांना समान, आणि वरचं ओझं जोखमीप्रमाणे. बँकाबँकांमध्ये हा फरक योग्य असेल, तर एकाच संस्थेतल्या टेबलाटेबलांमध्ये तो अयोग्य कसा? पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात, म्हणून त्यांना हा नियम लागू नाही, असं उत्तर मिळतं. कायद्याने लागू नाही म्हणून चोरही सोडून देतो का? आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बँक की पतसंस्था असा भेद करत नाही. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

समानतावाद्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो, आणि तेवढंच. काही गोष्टी खरोखर सगळ्यांना सारख्याच हव्यात. आपल्या डोमेनवरून कोण मेल पाठवू शकतो हे सांगणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी संपूर्ण डोमेनच्या असतात, त्या माणसागणिक वेगळ्या करताच येत नाहीत. दोन पायऱ्यांचं लॉगिन शिपायापासून चेअरमनपर्यंत सर्वांना हवं. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. डीमार्क आपलं खरं डोमेन वापरून आलेला खोटा मेल अडवतो. दोन अक्षरं उलटी केलेलं डोमेन चोराचं स्वतःचं असतं, त्याच्या नोंदी चोख असतात, तो डीमार्कमधून सरळ पुढे जातो. त्याला अडवायचं तर कोणाच्या नावाची नक्कल होऊ शकते आणि ती कोणाकडे धाडली जाऊ शकते, हे आधी ठरवून माणसांची नावं यंत्रणेत भरावी लागतात. म्हणजे पुन्हा गटच आले.

"माणसांना शिकवा, सेटिंग कशाला?" हे ऐकायला सर्वांत सभ्य आणि परिणामाने सर्वांत निष्ठुर मत. शिकवा, अवश्य शिकवा. पण मार्चअखेरीला रात्री आठ वाजता, ताळेबंद जुळत नसताना, फोन वाजत असताना, पत्त्यातली दोन अक्षरं उलटी आहेत हे ऑफिसातल्या मुलीच्या डोळ्यांनी पकडावं, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? ऑडिटरच्या नावाने आलेला, सहायक निबंधकांच्या कार्यालयाच्या नावाने आलेला मेल उघडायला ती एक मिनिट थांबली तर तिलाच बोल लागतो. उघडला आणि घात झाला तरी तिलाच. शिकवलं होतं ना, असं म्हणून संचालक मंडळाने हात झटकायचे आणि आठ-दहा हजारांच्या पगारावरच्या माणसाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावायचं, याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

राहिला खर्चाचा आणि किचकटपणाचा मुद्दा. आज बहुतेक संस्थांचा कारभार कसा चालतो? एक फुकटचं जीमेल खातं, त्याचा पासवर्ड चौघांना पाठ आणि एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला. कोणी काय पाठवलं हे देवालाही सांगता येणार नाही. इथे वेगळे नियम लावायला वेगळी माणसंच यंत्रणेला दिसत नाहीत. स्वतःचं डोमेन आणि प्रत्येकाचं वेगळं खातं, एवढा खर्च करावाच लागेल. पात्र शिक्षणसंस्थांना गूगलची मूळ सेवा विनामूल्य मिळते, इतरांनी दर माणशी पैसे मोजावेत. संचालकांच्या अभ्यास-दौऱ्याला जे बजेट मिळतं ते याला मिळू नये?

किचकटपणाची भीती तर निराधार आहे. वीस गट कोणी मागितलेले नाहीत. पैसा हलवणारे, ज्यांच्या नावाची नक्कल होते ते पदाधिकारी, बाहेरच्यांशी रोज व्यवहार करणारे, खाती उघडणारा-बंद करणारा ॲडमिन, आणि कॉलेज असेल तर विद्यार्थी. संपले गट. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत 'स्टँडर्ड' आणि 'स्ट्रिक्ट' असे दोन तयार साचे मिळतात, कोणाला कोणता हे नावानिशी सांगायचं असतं. नक्कल होऊ नये अशा माणसांच्या यादीत तिथे 350 नावं बसतात, आपल्या संचालक मंडळाला ती पुरून उरतील. गूगलमध्ये माणसांचे विभाग पाडता येतात, वरच्या विभागाचा नियम खाली आपोआप उतरतो आणि हवा तिथे बदलता येतो.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी, आणि लहान संस्थेत ती फार महत्त्वाची. आपल्याकडे एकच माणूस सकाळी प्रवेश-खिडकीवर बसतो आणि दुपारी चेक लिहितो. तो दोन गटांत सापडला तर कोणता नियम चालेल? मायक्रोसॉफ्टमध्ये क्रमाने वर असलेला नियम लागतो आणि खालचे त्या माणसापुरते बाजूला पडतात. म्हणून कडक नियम सर्वांत वर ठेवायचा. गूगलच्या विभागांत एक खातं एकाच विभागात बसतं, म्हणून त्याच्या हातातलं सर्वांत धोक्याचं काम कोणतं ते पाहून विभाग ठरवायचा. शक्य असेल तर अशा माणसाला दोन खाती द्यावीत, हेच मी सुचवेन. ॲडमिनला तर नक्कीच दोन: रोजच्या मेलचं वेगळं, आणि सगळ्या चाव्यांचं वेगळं, ज्यावर मेल येतच नाही. विद्यार्थी कॉलेज सोडून गेला की त्याचं खातं बंद झालंच पाहिजे. विसरलेली जुनी खाती हाती लागली की चोर संस्थेच्याच नावाने गावभर मेल पाठवतात.

आणि एक रोग कायमचा थांबवायला हवा. एका पुरवठादाराचा मेल दोनदा अडकला, की फोन येतो, "त्यांचं डोमेन मोकळं करून टाक." ऑपरेटर बिचारा ते सगळ्या संस्थेसाठी मोकळं करतो. आता त्या पुरवठादाराच्या नावाने येणारा खोटा मेलही तपासणी चुकवून थेट हिशोबनीसापर्यंत जाऊ शकतो. सूट द्यायचीच तर एका टेबलापुरती, एका पत्त्यापुरती, खऱ्या ओळखीची खात्री झाल्यावर आणि मुदत लिहून द्या. अडकलेला मेल सोडवण्याचा अधिकारही ज्याच्याकडे तो आला त्याच्या एकट्याच्या हातात नको.

म्हणून येत्या मासिक सभेत गावातल्या प्रत्येक संस्थेने हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि "सगळ्यांना एकच नियम" असं म्हणून तो पुढे ढकलू देऊ नये. ठरावात लिहावं की नियम हुद्द्याच्या मानाने न ठरता हातातल्या अधिकारातून होऊ शकणाऱ्या नुकसानीच्या मानाने ठरतील. कडक गटाची यादी त्याच सभेत वाचून दाखवावी. त्या यादीत पहिलं नाव चेअरमनचं, दुसरं सेक्रेटरी किंवा मॅनेजरचं, तिसरं हिशोबनीसाचं, चौथं ॲडमिनचं असावं. कोणालाही सूट हवी असेल तर त्याने कारण लेखी द्यावं, ते इतिवृत्तात नोंदवलं जावं आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांपुढे वाचलं जावं. कोणाच्या मेलला कुलूप नाही, हे जाणून घेण्याचा हक्क ठेवी ठेवणाऱ्या सभासदांना आहे.